स्वयंपाकघरापर्यंत आलेली कादंबरी

अहो,

काल दुपारी मी धक्क्यावर जाऊन आले. म्हणजे बँकेच्या मागच्या पार्किंग लॉटमधून खाली उतरलं की तळ्यात होड्या सोडायचा जो सिमेंटचा उतार आहे, तिथे. श्रूजबरीत त्याला धक्का कोणी म्हणत नाही. आपण दोघंच म्हणायचो, आता मी एकटी म्हणते. बाक ओला होता म्हणून उभीच राहिले. पलीकडे पुलावर वूस्टरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती, काठाला दोन बदकं होती. नाव आली नाही. ती यायचीच नव्हती, तरी मी पाण्याकडे बघत राहिले.

घर विकलं, हे आधी सांगून टाकते. तुम्ही जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि घर विकून झालंसुद्धा. मीनल सांता क्लाराहून आली, एजंट शोधला, रंग द्यायला माणसं बोलावली, आणि तिने जिथे बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. तुमची लेक तुमच्यासारखीच आहे, एकदा काम हातात घेतलं की दम खात नाही. आता मी तिच्याकडे राहायचं. खालच्या मजल्यावर माझी खोली आहे, उन्हाची आहे म्हणे. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला अंगात काहीतरी लागतं, ते सध्या माझ्याकडे नाही.

मंडळाने तुमच्यासाठी सभा घेतली. तुम्ही किती पूल बांधलेत, गणपतीचा मांडव कसा घालायचात, नव्या मुलांना एअरपोर्टवरून कसं घेऊन यायचात, सगळं बोलून झालं. ऐकताना मला वाटलं, हे गृहस्थ फार सज्जन दिसतात, माझी यांच्याशी ओळख असायला हवी होती. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. आपला वाद अर्धा राहिलाय, आणि तो मी आता एकटीनेच चालवायचा आहे.

तुम्ही रिटायर झालात त्या हिवाळ्यात मिशिगनच्या कुठल्याशा दुकानातून एक जड खोका आला. मला वाटलं, मिक्सरचं भांडं आलं. निघाल्या अरबी कादंबऱ्या. बसऱ्याच्या बंदरावर नोकरीला होतात तेव्हा शेजारच्या एका शाळामास्तरांकडून तुम्ही ती भाषा शिकला होतात, हे मला माहीत होतं, पण इतकी वर्षं ती कुठे ठेवली होतीत कोण जाणे. म्हणालात, रोज संध्याकाळी मी वाचीन आणि तुला मराठीत सांगेन. मी म्हटलं, सांगा, माझी भाजी तरी चिरून होईल. स्वयंपाकघरातलं ते छोटं टेबल, तुमचं उजवीकडून डावीकडे सरकणारं बोट, आणि माझी विळी. अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली तरी मी विळी सोडली नाही आणि त्यावरून मला चिडवणं तुम्ही सोडलं नाहीत.

पहिली कादंबरी कैरोची होती. एका गल्लीतच सगळी घडणारी. दोन प्रकरणं झाली आणि मी म्हटलं, मला काही दिसत नाहीये. गल्ली म्हणजे कशी, सांगलीसारखी? तुम्ही पुस्तक मिटलंत आणि मला गाडीत बसवलंत. आपल्या नेहमीच्या किराणा दुकानाच्या मागची ती बोळ, जिथे लाँड्रीचं मागचं दार उघडतं, पिझ्झावाल्याचा पंखा वाफ सोडतो आणि कचऱ्याचे हिरवे डबे असतात, तिथे आपण थंडीत उभे राहिलो. तुम्ही हात करून दाखवलंत. इथे न्हावी बसतो. तिथे कॉफीचं दुकान, बाहेर बाकावर म्हातारे. वरच्या मजल्यावर ती मुलगी. मी म्हटलं, इथे वरचा मजला नाहीच. तुम्ही म्हणालात, तो तू बांध.

तेव्हापासून आपला तो रिवाजच पडला. कादंबरी सुरू करायच्या आधी तिला गावात जागा द्यायची. बैरुतच्या एका कादंबरीत तोफगोळे पडत असताना आठ घरांची माणसं जिन्यात राहतात, कारण सगळ्या इमारतीत खिडकी नसलेली तेवढीच जागा. तिला आपण लायब्ररीचा जिना दिला. मी पुस्तकं परत करायला गेले की तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताना अंग चोरून घ्यायची, तिथे कादंबरीतली बाळंतीण झोपलेली असायची. निर्वासितांच्या छावणीची एक होती, तिच्यात लोक आपल्या गेलेल्या गावांची नावं छावणीतल्या बोळांना देतात. ती आपण मोबाइल होम्सच्या वस्तीत नेली, मग तिथून जाताना तुम्ही गाडी हळू करायचात. आणि धरणाखाली बुडालेल्या नाईलकाठच्या गावाची होती, तिच्यासाठी तुम्ही मला क्वाबिनच्या जलाशयावर नेलंत. बोस्टनला पाणी द्यायला तिथली चार गावं बुडवली हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. आपण काठावर डबा खाल्ला. थालीपीठ होतं. तुम्ही पाण्याकडे बोट करून कोणाचं घर कुठे ते सांगत होतात आणि शेजारी मासे धरत बसलेला माणूस आपल्याकडे बघत होता.

इजिप्तची नदी असो की इराकची, नदी म्हणून आपल्याकडे एकच तळं होतं. सगळ्या कादंबऱ्यांतल्या नावा त्या उतारालाच लागायच्या. तो धक्का तेव्हापासूनचा.

एकच नियम होता आणि तो तुमचा होता. आपलं घर कुठल्याही कादंबरीला द्यायचं नाही. मी किती वेळा म्हटलं, एवढं छान घर आहे, वर-खाली खोल्या आहेत, एकदा तरी ती माणसं इथे येऊ देत, मला स्वयंपाक करता करता दिसतील. तुम्ही हसण्यावारी न्यायचात. फार मागे लागले तेव्हा एकदा चिडून म्हणालात, सुधा, या कादंबऱ्यांत घरांचं काय होतं ते तू ऐकतेस ना रोज? मला तो तुमचा लहरीपणा वाटला. इंजिनिअर माणूस आणि शकुन-अपशकुन बघतो म्हणून मी मीनलला फोनवर सांगून हसलेसुद्धा.

आपला खरा वाद याच्याही आधीचा. माझं म्हणणं, गोष्ट माणसांची असते. जागा काय, कुठे तरी असावी लागते म्हणून असते. माणूस बरा असला की कुठल्याही घरात बरा. तुम्हाला हे अजिबात पटायचं नाही. मंडळाच्या लोकांसमोर, कुलकर्ण्यांच्या बेसमेंटमध्ये, तुम्ही या कादंबऱ्यांवर बोललात तो दिवस आठवतोय? लोक उंट आणि वाळवंट ऐकायला आले होते. तुम्ही तासभर जिने, गच्च्या आणि बोळ यांच्यावर बोललात. मागे समोसे गार होत होते, दोन बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी छताकडे. मग पुण्याचा तो निखिल, दोनेक वर्षांपूर्वी इथे नोकरीला लागलेला, त्याने हात वर केला.

"काका, म्हणजे बेसिकली सेटिंग म्हणजे बॅकग्राउंडच ना? मेन तर कॅरेक्टर्स असतात."

मी मनात म्हटलं, शाबास. तुम्ही चष्मा काढलात. "निखिल, मागच्या वर्षी तुझं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं आणि तू चार महिने पुण्यात बसून होतास. नोकरी तीच, माणूस तोच. तेव्हा तू कोण होतास रे?"

प्रश्न निखिलला होता, लागला सगळ्यांना. बेसमेंटमधल्या अर्ध्या लोकांचे पासपोर्ट कुठे ना कुठे अडकून झाले होते. मग तुम्ही ते वाक्य बोललात, जे तेव्हा मला पुस्तकी वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, आपल्या कादंबऱ्यांत माणूस घर सोडून जातो आणि गोष्ट सुरू होते. या लोकांच्या कादंबऱ्यांत माणूस आहे तिथेच बसलेला असतो आणि घर त्याला सोडून जातं. परत येताना गाडीत मी म्हटलं, समोसे गार केलेत सगळ्यांचे.

बसऱ्याची कादंबरी मात्र तुम्ही कधी काढली नाहीत. खोक्यात होती, मुखपृष्ठावर खजुराची झाडं असलेली, पण तुम्ही ती सारखी खाली सरकवायचात. मला त्याचा राग होता. लग्नानंतरची चार वर्षं तुम्ही तिथे आणि मी सांगलीत तुमच्या आईबाबांकडे, कडेवर मीनल. मला का नेलं नाहीत असं मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, एकट्या पुरुषांची खोली होती, कसं नेणार. खोली कशी होती? खोलीसारखी होती. खिडकीतून काय दिसायचं? पाणी. जगभरच्या गल्ल्या मला पायरी-पायरीने दाखवणारा माणूस स्वतःच्या चार वर्षांबद्दल तीन शब्दांवर यायचा. एकदा मी सरळच विचारलं होतं, तिथे कोणी होती का? तुम्ही मोठ्याने हसलात आणि म्हणालात, होती, घरमालकीण, सत्तर वर्षांची, मासे फार छान करायची. मी विश्वास ठेवला. मला बाईचा मत्सर कधीच वाटला नाही. त्या जागेचा वाटायचा. तुमच्या आयुष्याचा एक तुकडा असा होता की ज्यात मी डोळे मिटून सुद्धा चालू शकत नव्हते.

मग लढाया झाल्या, एकामागून एक, आणि टीव्हीवर ते गाव दिसलं की तुम्ही उठून बाहेर जायचात. जाऊन बघण्यासारखं काही उरलं नाही असं म्हणायचात. मीही विचारणं सोडलं.

गेल्या गणपतीनंतर तुम्ही आपणहून ती कादंबरी काढलीत. तेव्हा तुमच्या डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचं निदान होऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हळूहळू विसराळूपणा वाढेल, नवीन आधी जाईल, ओळखीच्या गोष्टी चालू ठेवा. वाचन चालू ठेवा. मला तर आनंदच झाला. मी विचारलं, हिला जागा कोणती देऊ या? तळ्याकाठचं ते निळं घर चालेल? तुम्ही पुस्तक उघडून परत मिटलंत. मग म्हणालात, "हे आपल्याच घरात होऊ दे. आता दुसरं कुठलं घर माझ्या डोक्यात नीट राहत नाही."

अहो, मला ते ऐकून रडू यायला हवं होतं. मला वाटलं, मी वाद जिंकले.

कादंबरी अशी होती. कालव्याकाठी एक घर. त्यात एक बाई, नवरा गेलेला, मुलं एकेक करून दूर गेलेली. नदीपलीकडून तोफा चालतात. मुलं निरोप धाडतात की निघ, ती म्हणते खजूर उतरले की निघते. आणि दर प्रकरणाला ती एक खोली बंद करते. झाडते, पुसते, पडदा ओढते, कुलूप लावते, आणि उरलेल्या घरात राहते. मला फार आवडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही बांधावं लागत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, ती जिना चढते, दुसरी पायरी कुरकुरते, आणि मला आपलीच पायरी ऐकू यायची. तळघराचं दार दमट हवेत फुगतं आणि खांद्याने ढकलावं लागतं, तेही त्यात होतं. मी मनात म्हणायची, काय बेमालूम बसवतायत, पूर्वीपेक्षाही छान. कधी कधी तुम्ही मध्येच म्हणायचात, मी वरच्या खोलीत राहायचो, खिडकीतून पाणी दिसायचं. मी विळी थांबवून ऐकायची. वाटायचं, आता येतंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हा माणूस मला बसऱ्याला नेतोय.

हिवाळाभर आपण वाचलं. वरची खोली बंद झाली. मग पुस्तकांची. मग बैठकीची. फेब्रुवारीत झोपायची खोलीही बंद झाली आणि ती बाई स्वयंपाकघरात येऊन राहिली. तिथेच खायची, तिथेच अंग टाकायची. एका संध्याकाळी तुम्ही सांगितलंत की ती टेबलाशी बसली आहे, बाकी सगळ्या घराला कुलपं आहेत, आणि दाराशी कोणाची तरी चाहूल लागते. मी विचारलं, "ती उठते का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पुस्तकाकडे नाही. म्हणालात, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही बाहेर पडलात. घरातल्या चपला, अंगात नुसता स्वेटर, बाहेर मार्चमधला चिखलबर्फ. पोलीस आले, तरुण मुलगा होता, वागायला चांगला. त्याने विचारलं, मॅम, ते कुठे जातील असं वाटतं? मी म्हटलं, लँडिंगवर, फेरी जिथे लागते तिथे. तो म्हणाला, मॅम, श्रूजबरीत फेरी नाही. हे मी त्याला कसं समजावणार होते? मी त्याच्या गाडीत बसले आणि रस्ता दाखवला. तुम्ही त्या बाकावर बसला होतात, हात मांड्यांवर, एअरपोर्टवर बसतात तसे. मला बघून तुम्हाला जराही आश्चर्य वाटलं नाही. नुसतं म्हणालात, "बरं झालं आलीस. तुलाही न्यायचंय या वेळी." आणि ओठ इतके निळे होते की मी माझा कोट काढून तुमच्या खांद्यांवर टाकला.

तेवढं एकच वाक्य. इतकी वर्षं वाट बघितलेलं वाक्य मला मिळालं ते असं, बँकेच्या मागे, तुम्ही कुडकुडत असताना. पुढे निमोनिया, हॉस्पिटल, नळ्या. तिथे तुम्ही फारसं बोललाच नाहीत.

पुस्तक माझ्याकडे राहिलं. तुमचा खुणेचा कागद त्यात तसाच होता. मला शेवट हवा होता. हसू नका, पण मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं. मला वाटायचं, ती बाई निघाली असेल तर मीही निघेन आणि थांबली असेल तर मीनलला सांगेन की मी थांबते. मीनल म्हणाली, "आई, अगं फोनने होतं ट्रान्सलेट. कॅमेरा धर फक्त." तिने पानावर फोन धरला. इंग्रजी शब्द हलत हलत वर आले. होडी, वेत, भाऊ, मीठ. घर कुठेच नव्हतं. तिने पानं उलटली, मागची, त्याच्याही मागची. मग म्हणाली, हे ॲप काही धड नाही, मी ऑफिसमधल्या एका मुलीला विचारते, तिचे आईवडील इराकचे आहेत. काही पानांचे फोटो पाठवले. त्या मुलीने पीडीएफ मागवून घेऊन सगळी कादंबरीच वाचली, फार गुणी असावी.

मीनल गेल्या रविवारी माझ्याजवळ येऊन बसली. तिने आधी टीव्ही बंद केला. म्हणाली, "आई, ती कादंबरी दोन भावांची आहे. दलदलीत होडी चालवणाऱ्या. त्यात बाईचं घर वगैरे नाहीये. आय मीन, अशी बाईच नाहीये."

मी म्हटलं, दुसरं पुस्तक असेल. ती म्हणाली, आई, हेच पुस्तक आहे.

खरं सांगते, मला पहिल्यांदा संतापच आला. फसवलंत मला, असं मी तुमच्या फोटोला बोलले, मीनल स्वयंपाकघरात होती तरी. केव्हापासून तुम्हाला वाचता येत नव्हतं? गणपतीपासूनच? की त्याच्याही आधीपासून? बोट तर ओळीवरून बरोबर सरकायचं, पानं वेळेवर उलटायची. मी समोर बसून सहा महिने ऐकलं आणि मला कळलं नाही. मी बसऱ्यातल्या वरच्या खोलीची वाट बघत होते आणि तुम्ही समोर जे दिसेल ते मला वाचून दाखवत होतात. कुरकुरणारी पायरी. फुगलेलं दार.

मग सामान बांधताना एकेक जुळायला लागलं. बाईने वरची खोली बंद केली तेव्हा तुम्ही जिना चढणं सोडलं होतं, गुडघे दुखतात म्हणायचात. पुस्तकांची खोली बंद झाली त्या आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतंत की हे दार कुठे उघडतं. बैठकीच्या खोलीत तुम्ही दिवा लावून उभे राहायचात आणि परत फिरायचात. झोपायच्या खोलीत मी तुम्हाला हाताला धरून न्यायला लागले तो फेब्रुवारीच होता. मी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगत होते, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कादंबरी ऐकत होते. दोन्ही एकच आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुमचं घर तुम्हाला सोडून चाललं होतं, खोली-खोलीने, आणि तुम्ही ते मला रोज संध्याकाळी सांगत होतात. झाडून, पुसून, पडदा ओढून, नीट कुलूप लावून. रडलात नाहीत, घाबरलात नाहीत. मला एक छान कादंबरी मिळाली.

शेवटचं स्वयंपाकघर उरलं कारण तिथे मी विळी घेऊन बसलेली असायची. हे कळल्यापासून मला धड जेवता आलेलं नाही.

आणि बसरा? वरची खोली, खिडकीतलं पाणी, यातलं काही खरं होतं का? आपल्या वरच्या खोलीच्या खिडकीतूनही हिवाळ्यात पानं गळली की तळ्याची एक पट्टी दिसते. ती तुमची चार वर्षं आता कुठेच नाहीत. त्या गावात नाहीत, या पुस्तकात नाहीत, माझ्याजवळ तर नव्हतीच. वादाचं म्हणाल तर मी हरले. जागा म्हणजे नुसतं मागचं चित्र असतं तर मी सांता क्लाराला तुम्हाला बरोबर घेऊन गेले असते. तिथे मला एकही गल्ली माहीत नाही. तिथे धक्का नाही, जिना नाही, बुडालेलं गाव नाही. तिथे मी कुठे उभी राहिले की तुम्ही आठवाल, हे मला कोण सांगणार? मीनल म्हणते, हळूहळू होईल सवय. होईल. सवय झाली की तेवढेही तुम्ही उरणार नाही.

तरी तुमची आभारी आहे, हे लिहून ठेवते. तुम्ही मला या कंटाळवाण्या गावात पाच शहरं दिलीत. नवीन घरवाले सॅन दिएगोहून येतायत, त्यांना लायब्ररीचा जिना नुसता जिना दिसेल. कोणाला काही सांगता येणार नाही, सांगितलं तर म्हणतील काकूंचंही सुरू झालं.

हे मी स्वयंपाकघरात काउंटरवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय. टेबल काल नेलं. वरची खोली रिकामी आहे, पुस्तकांची रिकामी, बैठकीची रिकामी, आपली झोपायची रिकामी. मी प्रत्येक झाडली, पुसली आणि दार ओढून घेतलं. पडदे नव्हते ओढायला, ते एजंटने आधीच काढून टाकलेत. विळी मात्र पेपरात गुंडाळून बॅगेत घातली.

बाहेर मीनलने गाडी सुरू केली. आता पायऱ्या चढून येतेय, तिची चाहूल लागतेय मला. दाराशी उभी राहून विचारतेय, आई, झालं का, निघायचं?

अहो, ती उठते का?